गरम पुरचुंडी

मंडळाच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीच्या गजांना धरून लोक आत पाहत होते. खुर्चीवर बसलेले संकल्पबाबा एकेकाच्या तळहातावर जाड कापडाची पुरचुंडी ठेवत होते.

"डोळे मिटा. चांगलं काम मनात आणा. संकल्प खरा असेल तर पुरचुंडी तापेल. तापली, की काम झालंच समजा!"

मग ते झारीतलं पाणी तिच्यावर शिंपडत. मिनिटभरात माणूस ओरडे, "तापली! तापली हो!"

मी मागे उभा राहून बाबांच्या हातांवर नजर ठेवून होतो. झारी त्यांची, पुरचुंडी त्यांच्याच पिशवीतली, आणि तापली की लगेच परत पिशवीत. आतून ती कुणीच पाहिली नव्हती.

मंडळाने शाळेच्या पायऱ्यांशेजारी रॅम्प बांधायचं ठरवलं होतं. आमच्या शाळेतली चिमणी चाकांच्या खुर्चीतून येई. तिची आई तिला उचलून चार पायऱ्या चढवी. आता आईच्या पाठीने संप पुकारला होता. सोमवारी शाळा उघडणार होती. रॅम्प नसेल, तर चिमणी घरी बसणार. विटा येऊन पडल्या होत्या. सिमेंटची पोती दमट हवेत दगड होऊ लागली होती. पण पंधरा दिवस थापीला कुणी हात लावला नव्हता, कारण बाबांनी बजावलं होतं, "संकल्प पिकू द्या. मध्ये हात घातलात, तर नासेल."

"सगळ्यांच्या पुरचुंड्या तापल्यात," चिटणीस मला म्हणाले. "तुम्ही मास्तर लोक उगाच फाटे फोडता."

"मग रॅम्प कुठाय?"

ते उत्तर देणार, तोच चिमणीने खुर्ची पुढे घेतली. "बाबा, मलाही द्या ना."

पुरचुंडी आली, पाणी पडलं. "तापली!" ती म्हणाली. टाळ्या वाजल्या.

"पाहिलंत? लेकराचं मन निर्मळ!" बाबा खुलले. "काय आणलंस मनात, बाळ?"

"तुमच्या पाठीत एक धपाटा घालायचा."

"चिमणे! जीभ आवर!" आई ओरडली.

"अगं, मुद्दामच वाईट मनात आणलं. मग ती तापायला नको होती ना?"

"धपाट्यातही माया असते, भक्तांनो!" म्हणत बाबांनी पुरचुंडीसाठी हात पुढे केला. पण शेजारी उभ्या असलेल्या गवंडीकाकांनी ती आधीच उचलली होती. त्यांनी गाठ सोडली.

"अहो, हा तर कळीचा चुना! जन्म गेला माझा हा भिजवण्यात. पाणी पडलं की तापतोच. त्याला कसला संकल्प लागतोय?"

मी पिशवीतली दुसरी पुरचुंडी काढून नुसती टेबलावर ठेवली आणि तिच्यावर नळाचं पाणी शिंपडलं. टेबलाच्या मनात काहीच नव्हतं, तरी तीही तापली. (मुलांनो, हे घरी करू नका. चुना डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते.)

बाबा दाराकडे सरकू लागले. चिटणीस पडेल आवाजात म्हणाले, "पण घरी जाताना खरंच बरं वाटायचं हो."

"वाटणारच," मी म्हणालो. "हात गरम व्हायचा आणि काम केल्यासारखं वाटायचं."

"मग सोमवारी मी जाऊ कशी?" चिमणीने विचारलं.

गवंडीकाकांनी बोटांवर दिवस मोजले.

"रॅम्प उद्या भरला तरच सोमवारपर्यंत धरेल," गवंडीकाका म्हणाले. "सकाळी सातला मी थापी घेऊन येतो. वाळू कोण चाळणार?"

चिटणीसांचा हात सावकाश वर गेला.

सोमवारी चिमणी स्वतः चाकं फिरवत वर गेली. उतार जरा जास्तच उभा झालाय, अशी तिची तक्रार आहे. तेही आम्ही दुरुस्त करू.

चांगली इच्छा सगळ्यांच्याच मनात असते. ती आपोआप फळेल असं कुणी सांगितलं, तर त्याची गाठ सोडून पाहा. आणि मग शेजारच्याला विचारा, उद्या किती वाजता येतोस?