आवडामावशीच्या व्हॅनचा बेल्ट

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकतो. गाड्यांच्या इलेक्ट्रिकचं काम मी बावीस वर्षं कोलशेतला करतोय, आणि माझ्या हातची गाडी आठवड्यात परत आली की मला जेवण जात नाही. आवडामावशीची व्हॅन तर त्या महिन्यात तिसऱ्यांदा दारात उभी राहिली.

आवडामावशी आमच्या इथल्या कोळीवाड्यातली. वय साठीला टेकलेलं. पहाटे साडेतीनला स्वतः व्हॅन काढते, घोडबंदर रोडने वसईच्या बंदरावर जाते आणि मासळी भरून उजाडता उजाडता कोपरीच्या बाजारात येऊन बसते. नवरा गेल्यापासून चौदा वर्षं हेच चाललंय. बाई गं, जरा दमानं घे, असं तिला म्हणायची कोणाची टाप नाही. पोटच्या पोराचीसुद्धा नाही.

तक्रार दर वेळी तीच. गाडी सुरू केली की पुढून किंचाळल्यासारखा आवाज, आणि डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा. या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं; पहिल्यांदा मी सीट उचलली, नुसता आवाज ऐकला आणि छातीठोक सांगितलं, बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचं बेअरिंग गेलंय. बदलून दिलं. सहा दिवसांनी बाई परत हजर. तेव्हा कुठे मला मीटर लावायची अक्कल सुचली. इंजिन चालू असताना बॅटरीवर चौदाच्या आसपास व्होल्ट दिसायला हवेत, दिसले बारा. म्हणजे चार्जिंगच होत नव्हतं. अल्टरनेटर फिरवणारा बेल्ट बोटाने दाबला तर कपड्याच्या दोरीसारखा खाली गेला. त्याला ताणून धरणारा बोल्ट ढिला होता, आणि आवाज त्या घसरणाऱ्या बेल्टचा होता. मी स्वतःलाच दोन शिव्या घातल्या आणि बोल्ट आवळला. व्होल्ट चौदाच्या वर गेले, आवाज गायब. खात्रीसाठी बोल्टवरून खालच्या पट्टीपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवली. बोल्ट फिरला तर रेघ तुटणार, इतकं साधं.

आणि आता ही तिसरी खेप. दोन गिऱ्हाईकं बसलेली, त्यांच्यासमोर मावशीने मला सुनावलं की तानाजीच्या हातात आता काही राहिलं नाही, यापुढे ती डोंबिवलीच्या मिस्त्रीकडे जाईल. मी पान्हा असा आपटला की गिऱ्हाईकं दचकली. मावशीला चहा सांगितला आणि सीट उचलली.

रेघ तुटलेली होती. बोल्ट अर्धा फेरा मागे गेलेला. हादऱ्यांनी बोल्ट सैल होतो, नाही असं नाही, पण त्याच्या डोक्यावर ताजे चकचकीत ओरखडे पडत नाहीत. हे कोणीतरी पान्हा लावून केलं होतं. कोळीवाड्यात मावशीच्या दारातल्या गाडीला हात लावायची हिंमत घरच्याशिवाय कोण करणार?

मी तिच्या पोराला, जयेशला फोन लावला. तो मानपाड्याला एका ऑफिसात कामाला आहे. अर्ध्या तासात आला. त्याला दुकानाच्या मागे घेतलं आणि मोबाईलवर बोल्टचा फोटो दाखवला. पठ्ठ्याने लगेच कबूल केलं, तिन्ही वेळा बोल्ट त्यानेच सैल केला होता. मावशीच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, वर साखर वाढलेली. ऑपरेशनचं नाव काढलं की सीझन संपू दे म्हणते. गेल्या महिन्यात दोनदा तिने डिव्हायडरला गाडी घासली होती. सांगून सांगून तो थकला होता. गाडी दारातच सुरू झाली नाही तर आई घरी बसेल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

"अरे गाढवा," मी म्हटलं, "चार्जिंग बंद झालं म्हणून गाडी दारात थांबत नाही. उरलेल्या बॅटरीवर निघते. रस्त्यात आधी हेडलाइट मंद होतात, मग गाडी मरते. घोडबंदरला, काळोखात, मागे ट्रक आणि आत तुझी आई."

 जयेश जुन्या टायरवर मटकन बसला आणि रडायला लागला. माझा राग कुठल्या कुठे गेला. वाईट वाटलं मला त्याचं.

थोड्या वेळाने तो आपणहून उठला आणि आईसमोर जाऊन सगळं बोलून मोकळा झाला. आता याच्या कानाखाली जाळ निघणार, असं धरून मी मधे पडायच्या तयारीत उभा राहिलो. मावशीने हात उचलला नाही. चहाचा ग्लास खाली ठेवून तिने मलाच विचारलं, बेल्ट ढिला असला की लाइट कमी होते का. मी हो म्हटलं.

"चार दिस मना रस्ता नीट दिसं ना," ती म्हणाली. "मना वाटला, दुसरा डोला पन गेला. म्हनून कोनाला सांगलाच नाय."

मग कमरेला खोचलेली व्हॅनची चावी काढून तिने जयेशच्या हातात दिली आणि उद्या साडेतीनला उठायला सांगितलं.