मास्तरांचं ठिगळ

“एकदाच बघू द्या. मग नाही तुम्हाला त्रास देणार,” काकू म्हणाल्या.

माळीणबाई दारातच घुटमळली. प्रयोगशाळेत पेशी वाढवायचं काम तिचं, म्हणून सगळ्यांनी तिला हे नाव ठेवलेलं. बाहेरच्या माणसाला आत घ्यायची परवानगी नव्हती. पण काकूंचे यजमान, मास्तर, परवाच गेले होते, दुपारी पडल्या पडल्या, झोपेतच.

मास्तर पोहायला शिकवायचे. झटका आला आणि हृदयाचा बराचसा स्नायू मेला. डॉक्टरांनी त्यांचं थोडं रक्त घेतलं, त्यातल्या पेशी पार मूळपदाला, गर्भातल्यासारख्या कोवळ्या अवस्थेला नेल्या आणि त्यांच्यापासून हृदयाचा नवा स्नायू वाढवायला घेतला. तयार झाला की मेलेल्या भागावर शिवायचा. मास्तर त्याला ठिगळ म्हणायचे. तपासणीला आले की काचेपलीकडून विचारायचे, “काय म्हणतंय आमचं कार्टं? खातंपितं ना नीट?”

ते पहिल्यांदा धडधडलं तेव्हा माळीणबाईने फोन केला होता. मास्तर म्हणाले, “वा! पण दामटवू नका हं त्याला. नव्या पोराला दामटवलं की ते पाण्याचा धसकाच घेतं.”

शस्त्रक्रिया सोमवारी ठरली होती. आता डॉक्टरांनी सांगितलं होतं, “टाकून द्या.” दोन दिवस ती आज टाकते, उद्या टाकते करत होती.

तिने काकूंना टोपी, झगा, हातमोजे चढवले आणि उबदार कपाटातून काचेची बशी काढली. पेशींना पोसणाऱ्या गुलाबी पाण्यात तळहाताएवढा फिकट पापुद्रा. आकसत होता, सैलावत होता.

काकू वाकून बघत राहिल्या.

“ह्यांचंच ना हे?”

“त्यांच्याच रक्तातून वाढवलंय.”

“त्याला कुणी सांगितलं नाही वाटतं अजून,” काकू म्हणाल्या. मग जरा वेळाने, “दुसऱ्या कुणाला नाही का बसवता येणार?”

“दुसऱ्याचं शरीर सहजासहजी स्वीकारत नाही, काकू. पण नवीन औषधं आधी यावर तपासून बघता येतील. तुम्ही हो म्हणालात, तर मी डॉक्टरांशी बोलते.”

“बोला. हे काही रिकामे बसणारे नव्हते.”

माळीणबाईने बारीक नळीने जुनं पाणी ओढून घेतलं. नवं भरलेली नळी काकूंच्या हातात दिली आणि खालून आपला हात धरला. “कडेने सोडा. अगदी सावकाश.”

पाणी आत गेलं आणि पापुद्रा थांबला.

“अगं बाई! मी काय केलं?”

“काही नाही. पाणी बदललं की बावरतं ते. थांबा जरा.”

दोघी थांबल्या. पापुद्रा एकदा हलला. पुन्हा हलला. मग त्याने आपली लय धरली.

काकूंनी हातमोजे काढले, एकात एक घालून त्यांची नीट घडी केली, आणि ते कुठे ठेवायचे म्हणून विचारलं.