सात गाठींची दोरी

"माह्या मायचं तोंड कुठं हाय याच्यात?" राजदीपने विचारले.

आर्णीतल्या उकंडाच्या स्टुडिओत काउंटरवर मथुराबाईंचा फोटो पडला होता. त्यांना वारून नऊ दिवस झाले होते. रविवारी पुण्यानुमोदनाच्या विधीत फोटोला हार घालायचा होता. महिन्यापूर्वी त्यांनीच उकंडाला घरी बोलावले होते. "भितीवर लावाचा फोटो हाय बापा, चांगला काढजो," असे हसत म्हणाल्या होत्या.

फोटोत चेहऱ्याच्या जागी पुसट डाग होता. मांडीवरचे हात मात्र लख्ख होते. बोटांच्या भेगा, मनगटावरचे गोंदण, सगळे.

"दुसरा नाही काढला?"

"चार काढले. चारही असेच."

"डोये गेले काय, उकंडाभाऊ?"

उकंडाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. कॅमेऱ्याच्या पडद्यावर चेहरा स्पष्ट आला की नाही, हे त्याला दोन वर्षांपासून कळत नव्हते. गिऱ्हाइकांना त्याने ते सांगितले नव्हते.

घरातल्या कमी उजेडात फोटो काढायला तो रोलच्या कॅमेऱ्याचे जुने भिंग डिजिटल कॅमेऱ्याला लावी. अंतर हाताने जुळवावे लागे. त्याची रीत ठरलेली होती. दर फुटावर गाठ असलेली दोरी कॅमेऱ्यापासून समोरच्याच्या नाकाला टेकवायची, गाठी मोजायच्या, भिंगावर तेवढा आकडा लावायचा. रोलच्या काळात ती कधी चुकली नव्हती. पण असे भिंग नव्या कॅमेऱ्यावर बसवायला मध्ये एक रिंग लागते. नवीन घेतलेली रिंग कागदाइतकी जास्त जाड निघाली. आकडा सात फूट दाखवत होता, भिंग वीतभर अलीकडचे, म्हणजे मांडीवरचे हात, टिपत होते. रिंग बदलल्यावर एकदा तपासायला हवे होते. त्याने तपासले नाही.

"आत्याबाई तर नाकाशी दोरी धरून बसल्या होत्या," राजदीपची बायको प्रियंका सासूबद्दल म्हणाली. "हालल्या बी नाही."

"चूक माही हाय," उकंडा म्हणाला.

"मंग आता आधार कार्डावरचाच मोठा करून द्या," राजदीप म्हणाला.

उकंडाने करून दिला. करडा, दचकलेला चेहरा. आपल्या प्रत्येक फोटोमागे तो स्टुडिओचा शिक्का मारी. यावर मारला नाही. हा फोटो त्याचा नव्हता.

"काका, त्या फोटोतले हात तेवढे काढून द्या मले," प्रियंका म्हणाली.

"कायले व? हाताले हार घालतं काय?" राजदीप म्हणाला.

"हाराले नाही. माह्या पेटीत ठेवाले. दोन्ही बायंतपणं याच हातानं केली माही."

राजदीप बाहेर जाऊन गाडीपाशी उभा राहिला.

उकंडाने हात छापले, कडा कापल्या, फोटो पाकिटात घालू लागला.

"शिक्का राह्यला, काका."

"तोंड नाही निंगालं माह्याकून, पोरी."

तिने फोटो उलटा करून त्याच्यापुढे सरकवला. उकंडाने शिक्का शाईत दाबला, कागदाची कड बोटाने चाचपली आणि मारला. तो तिरका उमटला. प्रियंका शाई वाळेपर्यंत फुंकर घालत राहिली.