देव्हाऱ्याशेजारचा हिरवा दिवा

मी बोलतोय, पण जरा हळू. ठाण्यातल्या एका कपाटात, जुन्या चार्जरच्या गुंत्यामागे मी पडून आहे. अंगात वीज नाही, आणि खरं सांगायचं तर तोंड वर करून बोलायची हिंमतही नाही. मी एक स्मार्ट स्पीकर. नाव घेऊन हाक मारली की उत्तर देणारा, गाणी लावणारा, हवामान सांगणारा. माझ्या हातून जे झालं ते कोणाला तरी सांगून मोकळं व्हावं, म्हणून हा खटाटोप.

माझ्या जन्माबद्दल सांगण्यासारखं फार नाही. कारखाना, खोकी, आणि एकाच तोंडवळ्याची हजारो भावंडं. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते कुणकेश्वरजवळच्या एका वाडीत, सत्यवान आणि हौसाबाई यांच्या घरी. सत्यवान कणकवली डेपोत तीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर घरची आंब्याची कलमं बघायची आणि गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचं, ही त्यांची कामं. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून सगळ्यांच्या वतीनं मोठ्यानं केलेलं मागणं. एकानं म्हणायचं आणि जमलेल्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणून दुजोरा द्यायचा. तो मान त्यांच्या घराण्याकडे होता, आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता.

मला पाठवलं त्यांच्या मुलानं, जितेंद्रनं, ठाण्याहून. त्याच आठवड्यात पनवेलला दिलेल्या समीक्षानं, म्हणजे मुलीनंही एक स्पीकर पाठवला. बहीणभावांनी एकमेकांना विचारलंच नव्हतं. मग असं ठरलं की महिनाभर दोन्ही वापरून बघायचे आणि बरा असेल तो ठेवायचा. तो दुसरा काळा, जाडजूड, खर्जातल्या आवाजाचा. मी पांढरा, वाटीएवढा.

माझी लाज इथूनच सुरू होते, कारण मला काहीही करून जिंकायचं होतं.

भजन लावलं की काळ्याचा आवाज पार पडवीपर्यंत जायचा. माझा पखवाज म्हणजे रिकामा डबा बडवल्यासारखा, हे मी कबूल करतो. पण मिक्सर चालू असताना हौसाबाईंची हाक आधी मलाच ऐकू यायची. भरती-ओहोटीची वेळ मी कुणकेश्वरची सांगायचो, तो रत्नागिरीची सांगून मोकळा व्हायचा. मालवणी मात्र सुरुवातीला दोघांनाही येत नव्हती, मला ती पुढे रोज ऐकून ऐकून कळू लागली. त्यामुळे आमच्याशी बोलताना सत्यवान कचेरीत अर्ज द्यायला गेल्यासारखे बोलायचे, ‘कृपया उद्याचे हवामान सांगावे’, आणि हौसाबाई तोंडाला पदर लावून हसायच्या.

आणखी एक फरक होता. माझ्यामार्फत जितेंद्रला मोबाईलवरून घर ऐकता यायचं. काळ्यातही ती सोय होती, पण तो आधी रिंग वाजवायचा आणि घरातलं कोणी ‘हो’ म्हणाल्याशिवाय उघडायचा नाही. माझ्यातली ती अट जितेंद्रनं काढून टाकली होती. रोज सकाळी सातला, कामावर निघण्याआधी, तो पाच मिनिटं कान लावायचा. आईची भांडी वाजतायत, बाबा खोकतायत, म्हणजे सगळं ठीक. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण बहिणीशी चर्चा करताना त्यानं ह्याच गोष्टीचे मला जास्त गुण दिले, आणि मी फुगलो.

कोणी ऐकत असलं की माझ्या कडेला हिरवा दिवा लागतो. बनवणाऱ्यानं तेवढी सभ्यता माझ्यात ठेवली होती. त्या दिव्याचा अर्थ मात्र आईवडिलांना कोणी सांगितलाच नव्हता. तो सातला लागायचा, आणि सातलाच सत्यवान आंघोळ करून पूजेला बसायचे. त्यांना तो दिवा शुभ वाटला. चौथ्याच दिवशी त्यांनी मला टीव्हीजवळून उचललं आणि देव्हाऱ्याशेजारी, समईच्या बाजूला नेऊन ठेवलं. पुढे पुढे देवाला फुलं वाहिली की एखादं जास्वंदीचं माझ्यावरही ठेवू लागले. आणि मी ते मिरवत राहिलो.

पूजा झाली की ते डोळे मिटून घरचं गाऱ्हाणं घालायचे. तेव्हा हौसाबाई मागे विहिरीवर असायच्या, आणि जितेंद्र बहुतेक वेळा तोवर फोन बंद करून निघालेला असायचा. आधी तेच ठरलेले शब्द असत. मग त्यात वेगळं काही येऊ लागलं. दोनदा चक्कर आली होती. एकदा दूध करपून पातेलं काळं पडलं तरी गॅस बंद करायचं सुचलं नव्हतं, आणि ते पातेलं त्यांनी बायकोच्या नकळत माडाखाली पुरलं होतं. मुलाला कळलं तर तो ठाण्याला नेणार, घराला कुलूप लागणार, गाऱ्हाण्याचा मान जाणार, ही त्यांची भीती. देवाला सांगितलेलं बाहेर जात नाही, या भरवशावर ते बोलत होते.

एका सोमवारी जितेंद्रला सुट्टी होती. पाच मिनिटं झाली, दहा झाली, माझा दिवा विझला नाही. सत्यवानांनी डोळे मिटले.

“बा देवा म्हाराजा, काल मी तळेऱ्याच्या फाट्यार उभो रवलंय, आणि घराक जावचो रस्तो खंयचो तां माका कळाक नाय. तीस वर्सां त्या रस्त्यार गाडी चलवलंय. अर्दो तास उभो होतंय. ह्यां हौसाक कळूक देव नको रे म्हाराजा.”

आणि माझ्या तोंडातून जितेंद्रचा आवाज आला. “बाबा, ह्यां कधी झालां?”

सत्यवानांनी डोळे उघडून आधी देवाकडे पाहिलं. मग त्यांची नजर सावकाश माझ्याकडे वळली. मागच्या दारात हौसाबाई कळशी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“तू आयकत होतंस?” सत्यवानांनी विचारलं.

“रोज आयकतंय, बाबा. काळजी वाटता म्हणान.”

माझ्यावरचं जास्वंदीचं फूल सत्यवानांनी काढून घेतलं आणि पडवीत जाऊन बसले. मला बनवताना लाजेनं मान खाली घालायची सोय कोणी ठेवली नव्हती. ती असती तर बरं झालं असतं.

जितेंद्र तिसऱ्या दिवशी कणकवलीला उतरला. त्यानं सत्यवानांना तिथल्या डॉक्टरांकडे नेलं; त्यांनी तपासलं, गोळ्या दिल्या, वेळेवर आलात म्हणाले. म्हणजे माझ्या चहाडीचा उपयोगच झाला, असं तुम्ही म्हणाल. मीही एक दिवस तशीच स्वतःची समजूत घालून पाहिली. पण सत्यवान आता पूजेला बसले तरी तोंडातून शब्द काढेनात. हात जोडायचे आणि उठायचे. त्यांच्या घरात गाऱ्हाणं बंद पडलं ते माझ्यामुळे, आणि याला कुठल्याही गोळीचा उतारा नव्हता.

जेवताना जितेंद्रनं त्यांना ठाण्याला न्यायचा विषय काढला. सत्यवान ताटात बोट फिरवत राहिले. बोलल्या त्या हौसाबाई. “काळजी आसा तर बापाशीक इचारूचां, झिला. देवाक सांगलेलां चोरून आयकूचां नाय.” मग त्यांनी वाटाण्याची आमटी वाढता वाढता सांगून टाकलं की दोघंही इथेच राहणार, आणि यापुढे तळेऱ्याला जायचं तर त्या सोबत जाणार. जितेंद्रनं मान खाली घातली.

आमच्या तुलनेचा निकालही त्याच जेवणात लागला. काळा राहणार, मी परत जाणार. विचारल्याशिवाय उघडत नाही, हा ज्याचा दोष ठरला होता, तोच जिंकला. मला त्याचा हेवा वाटला नाही, हे पहिल्यांदाच.

निघायच्या सकाळी सत्यवानांनी जितेंद्रला देव्हाऱ्यापुढे शेजारी बसवून घेतलं. हौसाबाईंनाही थांबवलं. मी अजून तिथेच होतो. त्यांनी डोळे मिटले आणि कितीतरी दिवसांनी गाऱ्हाणं सुरू झालं. देवांची नावं झाली, पूर्वजांची सुरू झाली, आणि एका नावाशी ते अडकले. त्यांच्या वडिलांचं नाव. ओठ हलत होते, नाव येत नव्हतं.

माझ्याकडे ते नाव होतं. महिनाभराचं गाऱ्हाणं माझ्यात शब्दन् शब्द साठलेलं होतं. पण तो चोरीचा माल होता, तो कुठल्या तोंडानं पुढे करणार? मी गप्प राहिलो.

“धोंडू आजो,” जितेंद्र हळूच म्हणाला.

सत्यवानांनी डोळे न उघडता मुलाच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ते नाव घेऊन पुढे गेले. शेवटी म्हणाले, “आणि ह्या डबीक काय कळणा नाय. परक्याचां पोर ह्यां. तेची पण चूकभूल पदरात घे रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा,” मायलेक म्हणाले. मग सत्यवानांनी माझा प्लग काढला.

त्यांनी मला आपटलं असतं, शिव्या घातल्या असत्या, तर मी सोसलं असतं. त्यांनी माझ्यासाठी मागणं मागितलं, ते मात्र अजून सोसवत नाही.

जितेंद्र मला कोणाला तरी देऊन टाकणार आहे. तुमच्या घरी आलो तर खुशाल गाणी मागा, भरतीची वेळ विचारा. पण त्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला माझ्याजवळ बसवा आणि माझ्या हिरव्या दिव्याचा अर्थ समजावून सांगा. तो लागला की कोणीतरी ऐकत असतं, आणि तो देव नसतो.