टोपली आणि टेम्पो

मरोळच्या आमच्या चार टेबलांच्या ऑफिसात त्या दिवशी माझी वाट लागायचीच बाकी होती. वेसाव्याच्या कोळणींच्या सोसायटीसाठी आम्ही रोजच्या मासळीच्या यादीची, म्हणजे कुणाकडे कुठली मासळी किती याची, वेबसाइट बनवली होती. सोसायटीच्या प्रमुख सोनूबाई, म्हणजे माझ्या शेजारी बसणाऱ्या निशाची सख्खी मावशी. सकाळी त्या सोसायटीतल्याच एका कोळणीला, मालनबाईंना, घेऊन आल्या.

"हिला वाचता येत नाय. यादी फोनवर ऐकू येऊ दे. चारपर्यंत झालं नाय तर दुसऱ्याला काम देते."

मी म्हटलं, हातचा मळ आहे. यादीचा कोड माझाच होता. दीड तासात मालनबाईंचा फोन वाजला, त्यांनी स्पीकर लावला. फोनमधली बाई बोलली, "हे वेबपान आहे. एक तास साठवून ठेवा. सुरमई."

मालनबाईंनी विचारलं, "एक तास कुठं साठवू?"

निशा हसली नाही, त्याचाच जास्त राग आला. वर्षापूर्वीच ती म्हणाली होती, यादी आणि ती ब्राउझरला पोचवायच्या सूचना एकाच ठिकाणी कोंबू नकोस रे. मी म्हटलं होतं, मला नको शिकवूस. ही माझी खोडच.

निशाने मावशीला सांगितलं, ब्राउझरसाठीच्या सूचनाच फोन वाचतोय. सोनूबाई मला म्हणाल्या, "टेम्पोचा नंबर टोपलीतच टाकलास तू. आम्ही टोपली भरतो. ती टेम्पोनं जाते का रिक्षानं, ते सुरमईला कशाला सांगायचं?"

मी निशाला म्हटलं, "तुझं बरोबर होतं. चल, फोडू या." ती खुर्ची ओढून बसलीसुद्धा.

यादीच्या भागातून पोचवायचं सगळं उपटलं. आता तो नुसती यादी देतो. ती पानावर दाखवायची, मेसेजने धाडायची की फोनवर बोलायची, ते दुसरा भाग बघतो. कोड निम्मा झाला, यार! असं झकास मला नोकरी लागल्याच्या दिवशीही वाटलं नव्हतं. निशा तर टेबलावर ताल धरून बसली होती.

चारला सात मिनिटं कमी असताना फोन वाजला. "सुरमई, बारा टोपल्या, सोनूबाई. हलवा, पाच टोपल्या, सोनूबाई. बोंबील, तीन टोपल्या, मालनबाई."

मालनबाईंनी स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला आणि यादी पहिल्यापासून पुन्हा ऐकली.

"इतकी वर्षं पोराला विचारायची, माझं नाव लागलं का रे," त्या सोनूबाईंना म्हणाल्या. "आज मीच ऐकलं."