कानात मारलेली फुंकर

शिवणाच्या दुकानासमोर एवढी गर्दी उसळली, की मापं द्यायला आलेल्या बायका उंबऱ्यावरच अडकल्या. कापड बेतायच्या टेबलावर नादबाबा मांडी ठोकून बसले होते, मांडीवर चार महिन्यांची चिमुरडी. शिष्याने मागून थाळी बडवली. पोर दचकून रडली.

"चमत्कार!" लोकांचे हात आपोआप जोडले गेले. आई जन्मापासून बहिरी, बाप जन्मापासून बहिरा आणि लेकीला ऐकू येतं!

आई, म्हणजे दुकानातली शिंपीण, तेवढी भारावली नाही. बाबांचा तो घनगंभीर आवाज तिच्यापर्यंत पोचतच नव्हता. आवाज वगळला, तर बाबा तिला गरम घास तोंडात घोळवणाऱ्या माणसासारखे दिसत होते.

सासूबाईंना सगळं ऐकू येई. त्यांनी हातांनी खुणावून सांगितलं, "बाबा म्हणतात, महिन्यापूर्वी त्यांनी फुंकर मारली, म्हणून कान उघडले. नादाचं लेकरू आठ दिवसांत मठाला द्यायचं."

नवऱ्याने झडप घालून लेक उचलली. शिंपिणीने दुसऱ्याच दिवशी सासूबाईंना ओढत कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी फाइल उघडली. "जन्मल्यावर दुसऱ्याच दिवशी तपासलं होतं. दोन्ही कान उत्तम. तुम्हाला कागदही दिला होता की!"

"मला वाटलं, यंत्र चुकलं," सासूबाई पुटपुटल्या. "दोन बहिऱ्यांना ऐकणारं मूल होईल कसं?"

डॉक्टरीणबाईंनी नवरा-बायकोच्या जनुक-तपासणीचे जुने अहवाल काढले आणि कागदावर आकृत्या काढून समजावलं. शिंपिणीने तो कागद घडी करून ब्लाउजमध्ये खोचला.

आठव्या दिवशी बाबा लेक न्यायला आले; मागोमाग गर्दीही. शिंपिणीने एका शिलाई मशीनची सुई काढली, दुसऱ्याचा पट्टा. मग तिचे हात बोलू लागले आणि सासूबाईंना ते मोठ्याने सांगणं भाग पडलं.

"सून म्हणते... ही दोन्ही मशीनं बंद. पण बिघाड वेगळा. ऐकायला पुष्कळ जनुकं लागतात. माझं एक बिघडलंय, ह्यांचं दुसरंच. लेकीला दोघांकडून प्रत्येक जनुकाची एकेक प्रत... अगं, हळू!... माझं बिघडलेलं, त्याची चांगली प्रत बापाकडून आली. त्यांचं बिघडलेलं, त्याची माझ्याकडून. एकेक चांगली प्रत पुरते." शिंपिणीने दुसऱ्या मशीनची चांगली सुई काढून चांगल्या पट्ट्याच्या पहिल्या मशीनला बसवली आणि कापडावर सरळ टीप मारली.

"अश्रद्धा!" बाबा गरजले. "माझ्या फुंकरीचा अपमान!"

सासूबाईंनी या वेळी सुनेच्या हातांची वाट पाहिली नाही. "बाबा, कान जन्मल्यावर दुसऱ्या दिवशी चांगले होते. फुंकर तीन महिन्यांनी मारलीत. मग उघडलंत काय?"

बाबांना घाईचं काम आठवलं. गर्दीतल्या एका बाईने पिशवीतून श्रवणयंत्र काढलं. बाबांच्या सांगण्यावरून तिने ते नातीच्या कानातून काढून ठेवलं होतं. शेजारी उभ्या नातीच्या कानात ती ते परत नीट बसवू लागली.

शिंपिणीने शेवटची खूण केली. सासूबाईंचा आवाज रस्त्याच्या टोकापर्यंत गेला: "कान आहेत म्हणून कानावर पडेल ते खरं मानू नका. विचारा. तपासा. मग माना."