पायाळू सुनेचा घोटा

बुलढाणा जिल्ह्यात धाडच्या अलीकडे एक गाव आहे. सासूला सगळ्यांदेखत लाथ घालायची मुभा असलेली जिल्ह्यातली एकुलती एक सून त्या गावात राहते. पुष्पांजली तिचं नाव. आता तुम्ही म्हणाल, काय हे दिवस आले. पण हे भांडण नव्हे, उपचार. पुष्पांजली पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर आलेली. आणि अशा माणसाची लाथ बसली की कंबरेत भरलेली उसण उतरते, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

रीत अशी, की उन्हं अंगणात यायच्या आत यायचं, दाराची चौकट धरून वाकायचं, पुष्पांजलीनं उजव्या पायानं तीन हलक्या लाथा द्यायच्या, आणि मागं वळून न बघता घर गाठायचं. माजी सरपंच रामराव, ज्यांच्यासमोर तलाठीसुद्धा खुर्चीत बसत नाही, ते ह्या दारात वाकायचे. पोलीस पाटील वाकायचा. सासू तानुबाई तर दर पंधरा दिवसांनी, वेळापत्रक असल्यासारख्या. एकदा मोताळ्याहून एकानं टेम्पोत घालून म्हैस आणली होती. तिला चौकट धरता येईना, म्हणून परत नेली.

ह्या सगळ्यात अडचण एकच होती. पुष्पांजली पायाळू नव्हती.

बारा वर्षांपूर्वी ती लग्न होऊन आली आणि महिना व्हायच्या आत तानुबाईंनी हातपंपावर जाहीर केलं, की आमची सून पायाळू आहे. पुष्पांजलीनं घाबरून आईला फोन लावला. आई म्हणाली, "डोकंच आलं तुझं आधी. अन् तेही आडवंतिडवं." स्थळ सांगणाऱ्या मध्यस्थानं गुणांच्या यादीत हा एक वाढवून सांगितला असेल, असं धरून पुष्पांजली गप्प बसली. नव्या सुनेनं सासूला भर हातपंपावर खोटं कसं पाडायचं? पुढं लोकांच्या कंबरा खरंच बऱ्या होत गेल्या, आणि गप्प बसणं अंगवळणी पडलं.

तिच्या पायांचं खरं काम वेगळंच होतं. कॉलेजात असताना ती खो-खो राज्य पातळीवर खेळलेली. लग्नानंतर तिनं गावातल्या सुना गोळा करून संघ बांधला. रविवारी संध्याकाळी शाळेच्या मैदानावर ह्या बाया अशा धावायच्या, की वावटळ आली समजून लोक वाळवणं आत घ्यायचे. त्यात पुष्पांजलीचं खांबाला वळणं म्हणजे बघण्यासारखी गोष्ट. भरधाव येऊन एका हातानं खांब धरायचा आणि त्याच्याभोवती फिरायचं. त्या वळणात वेणी आडवी उभी राहते, पोटात पाळण्यात बसल्यासारखं होतं, आणि समोरची पळणारी बाई एकदम दोन हातांवर येते. त्या दोन हातांसाठी ती आठवडाभर भाकरी थापायची.

पण कॉलेजातच एकदा उजवा घोटा मुरगळला होता. हळद-चुना लावून, चार दिवस कापड गुंडाळून तो तसाच रेटला. मग तो सवयीनं मुरगळू लागला. सपाट रस्त्यावर मुरगळे, उंबऱ्यावर मुरगळे. डिसेंबरात मोताळ्याला आंतरतालुका सामना होता. शेवटच्या डावात पुष्पांजलीनं खांबाला हात घातला, आणि घोटा बाहेरच्या अंगाला असा सटकला, की त्याचा आवाज आठवडी बाजारात मिरच्या निवडणाऱ्या बायांनी ऐकला म्हणतात. दोन हातांवरची बाई निघून गेली. सामनाही गेला.

नवरा गोविंदा तिला मोटारसायकलवर बसवून बुलढाण्याला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी पाय धरून हलवला, फोटो काढले, एमआरआय करायला लावला आणि सांगितलं, की घोट्याच्या बाहेरच्या अंगाचे, हाडं बांधून ठेवणारे दोन लिगामेंट सैल पडलेत. पायजमा आहे, पण इलॅस्टिक गेलंय, तसं. लगेच कापाकापी नको. तीन महिने व्यायाम करा, मग बोलू.

व्यायाम असा, की घडी केलेल्या गोधडीवर एका पायावर उभं राहायचं. आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून. पुष्पांजली पहाटे अंगणात उभी राहू लागली. तिसऱ्या दिवशी शेजारणीनं हात जोडले. आठव्या दिवशी कोणीतरी गोधडीपाशी नारळ ठेवून गेलं. गावात बोललं जाऊ लागलं, की पायाळू बाईनं पाऊस चांगला पडावा म्हणून खडं व्रत धरलंय. तिनं सांगून बघितलं, की हा फिजिओथेरपीचा भाग आहे. लोकांनी मान डोलावली आणि नारळ वाढले. त्या तीन महिन्यांत गोविंदाच्या घरी भाजीला खोबरं कमी पडलं नाही.

मार्च उजाडेपर्यंत पाय बराच सुधारला. शेतात जाता येई, बाजाराची पिशवी घेऊन चालता येई. एका रविवारी तिनं हळूच खांबाला वळून बघितलं. पहिल्यांदा जमलं. दुसऱ्यांदा वेग वाढवला आणि ती गुडघ्यांवर आपटली.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "घर, शेत, बाजार एवढंच असेल तर ऑपरेशनची गरज नाही. पट्टा वापरा, व्यायाम सोडू नका, आयुष्य आरामात जाईल. खांबाला वळायचं असेल, तर मात्र ते शिवून घट्ट करावं लागेल. दीड महिना जपायचं, पाचसहा महिन्यांनी मैदान. बहुतेकांना चांगला फरक पडतो. काहींचा पाय थोडा आखडतो, काहींना बधिरपणा राहतो. हमी मी देत नाही. ठरवायचं तुम्ही."

पुष्पांजलीनं आजवर दुसऱ्यांनी ठरवलेलंच ऐकलं होतं. ठरवायला तिला पहिल्यांदाच कोणी सांगत होतं. तिनं गोविंदाकडं बघितलं. तो म्हणाला, तुले वाटते तसं कर. भला माणूस, पण त्याचं मत पाण्यासारखं, ज्या भांड्यात ओताल त्याचा आकार घेणारं.

गावात बातमी मोटारसायकलच्या आधी पोचली. पायाळू बाईचा पाय कापणार! रामरावांच्या ओट्यावर बैठक बसली. पेरणी अडीच महिन्यांवर, तेव्हाच गावाच्या कंबरा जातात, आणि नेमका तेव्हा पाय बंद? शिवाय एकदा चाकू लागला की पायातला गुण वाहून जाणार, ह्यावर सगळ्यांचं एकमत. एकानं तर विजेच्या तारेचं उदाहरण देऊन ते पटवूनही दिलं.

पुष्पांजलीला बोलावणं आलं. रामरावांनी फार समजुतीनं घेतलं. म्हणाले, "हे पाय पोरी, आम्ही काई अडानी नाई. ऑपरेशन कर, जरूर कर. पन डाव्या पायाचं कर."

तिनं सांगितलं, की आबा, डावा चांगला आहे.

"मंग तं अजूनच बरं," रामराव म्हणाले. "चांगल्या पायाले त्रास कमी होते."

ती हसली नाही. हसता आलं असतं, पण त्यांच्या म्हणण्यात एक काटा होता आणि तो लागला होता. तू आता चालतेस, फिरतेस, छत्तिसाव्या वर्षी धावून कुठं जायचंय तुला? हे ओट्यावर कोणी मोठ्यानं म्हटलं नाही. घरी येईपर्यंत तिनं स्वतःच स्वतःला चारदा म्हटलं. आणि पाय आखडला तर? आज निदान चालतोय. डॉक्टरांनी पंधरा दिवसांत कळवा म्हणून सांगितलं होतं, त्यातले अकरा गेले होते.

दुपारी तानुबाई अंगणात तूर पाखडत बसल्या होत्या. पुष्पांजली खडे वेचायला शेजारी टेकली. सासू विरोध करणार, हे तिनं धरूनच ठेवलं होतं. दर पंधरा दिवसांनी लाथ लागणारी बाई तो पाय कापायला कशी देईल? म्हणून बारा वर्षं गिळलेली गोष्ट तिनं आधीच सांगून टाकायचं ठरवलं.

"आत्याबाई, गुण जायचा प्रश्नच नाई. मी पायाळू नाईच. तुमाले कोनं तरी खोटं सांगतलं होतं."

सूप थांबलं नाही. तूर वर उडाली, खाली आली.

"कोनं सांगतलं नाई," तानुबाई म्हणाल्या. "म्याच सांगतलं."



तानुबाईंनी मग पाखडता पाखडता सगळं सांगितलं. नवी सून कॉलेजात चड्डी घालून मैदानात धावायची, हे हातपंपावर कळलं तेव्हा बायांनी तोंडं वाकडी केली होती. एक तर म्हणाली, पोरीचे पाय घरात टिकायचे नाहीत. तानुबाईंना राग आला. तिथल्या तिथं त्यांनी ठोकून दिलं, की सून पायाळू आहे, तिच्या पायांना मोकळं ठेवावंच लागतं, नाही धावली तर गुण नासतो. गावाला खात्री पटावी म्हणून पहिली लाथ त्यांनी स्वतः घेतली.

"म्हंजे तुमची कंबर?"

"कंबरेले काय धाड भरली? मी वाकली म्हनून गाव वाकलं. दर पंधरवड्याले उजळनी केली, एवढंच."

पुष्पांजलीला हसावं की रडावं कळेना. बारा वर्षं ती सासूचा मान राखायला गप्प होती, आणि सासू तिचा राखायला वाकत होती.

"पाय आखडला तं?" तिनं शेवटी विचारलं. हा प्रश्न तिनं डॉक्टरांनाही नीट विचारला नव्हता.

तानुबाईंनी सूप खाली ठेवलं. "आखडला तं आखडला, आपुन दोघी मिळून पाहू. मले डाक्टरकी कळत नाई. पन तू त्या खांबाकडं कशी पायतं, ते मले दिसते. धावायचं नसन तं नको करू, माह्यं काई म्हननं नाई. पन धावायचं असन, अन् त्या रामरावाच्या उसणीसाठी बसून राह्यली, तं माह्यं बारा वर्साचं खोटं फुकट गेलं ना वं."

पुष्पांजलीनं उरलेले खडे वेचून संपवले, हात झटकले आणि गोविंदाला सांगितलं, की उद्या सकाळी बुलढाण्याला जायचं. त्यानंही लगेच तोच आकार घेतला.

ऑपरेशन तासाभरात झालं. त्या तासात दवाखान्याबाहेर गावातली अठरा माणसं बसली होती. गुण वाहून आलाच तर तो कुठल्या दारानं जातो ते बघायला. पुढं दीड महिना पाय उशीवर, मग कुबडी, मग पुन्हा ती गोधडी. जून आला, पेरणी आली. म्हशी, पाणी, सरकी, निंदण, सगळं तानुबाईंनी अंगावर घेतलं आणि सुनेला खाटेवरून उठू दिलं नाही. गावाच्या कंबरा त्या साली मलमावर निघाल्या. पाय थोडा आखडला खरा. उकिडवं बसताना टाच अजून जमिनीला टेकत नाही.

ऑक्टोबरात, सोयाबीन घरात आल्यावरच्या रविवारी, ती मैदानावर उतरली. सगळं गाव बघायला आलं होतं. ती धावत आली, खांबाला हात घातला, पाय रोवला. घोटा हलला नाही. वेणी आडवी उभी राहिली. समोरची बाई दोन हातांवर आली, आणि ह्या वेळी ती गेली नाही.

रामरावांनी त्याच संध्याकाळी ओट्यावर निकाल दिला, की डॉक्टरनं आत धागा घालून गुण बांधून टाकलाय, आता तो सात पिढ्या गळायचा नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं यायच्या आत तानुबाई चौकट धरून वाकल्या. पुष्पांजली हसत म्हणाली, की आता कोणाला दाखवायचंय, अंगणात कोणी नाही.

"दाखवाले नाई," तानुबाई कण्हत म्हणाल्या. "चार महिने तुह्या म्हशीचं पाणी भरलं. कंबर खरंच भरली आज. घाल."

पुष्पांजलीनं डॉक्टरांचं नाव काढलं, व्यायामाचं काढलं. म्हातारी ऐकेना. शेवटी तिनं नव्या शिवलेल्या पायानं तीन हलक्या लाथा दिल्या.

तानुबाई सावकाश सरळ झाल्या. डावीकडं वळल्या, उजवीकडं वळल्या. खाली वाकून उंबऱ्यावरचा तांब्या उचलून बघितला. मग त्यांनी सुनेकडं असं काही संशयानं बघितलं, जसं बारा वर्षांत कधी बघितलं नव्हतं.

"काऊन वं," त्या म्हणाल्या, "तुह्या मायले एकडाव नीट इचारून पाय बरं."